एकदाच आलेला मोरोक्को

३ फेब्रुवारी २०२५

मोरोक्को परत काढला! सकाळी चहा घेऊन नेटवरच्या मराठी ज्ञानकोशातली माझी यादी उघडली तर ओळच गायब. खाली तळटीप केलीय कुणीतरी — "मोरोक्को फक्त एकदा सहभागी, सबब मुख्य यादीत अनावश्यक." नाव नाही, गाव नाही. निनावी. असल्यांची बोटं मोडली पाहिजेत.

एकदाच! अरे, १९८० साली आला, मंचावर उभा राहिला, गाणं म्हटलं, गुण पडले. आला म्हणजे आला. युरोव्हिजन गीतस्पर्धेत भाग घेतलेल्या देशांची यादी आहे ही, नेहमी येणाऱ्या पाहुण्यांची नाही. लेबनॉनला ओळ नाही, कारण २००५ साली त्यानं नाव दिलं आणि आधीच माघार घेतली. मंचावर पाय पडला नाही. मोरोक्कोचा पडला. एकदा आला तरी ओळ मिळते — हा नियम मी घातलाय आणि तो यादीच्या मागच्या चर्चापानावर, जिथं संपादक वाद घालतात तिथं, लिहिलेला आहे. घरात सगळ्यांना पाठ आहे. माझी मुलगी श्रेया लग्नाआधी माझी नक्कल करायची, बोट वर करून — "एकदा आला म्हणजे आला. ओळ मिळणार."

दोनदा त्याचा बदल उलटवला, दोनदा त्यानं परत काढलं. तिसऱ्यांदा हात घालणार तेवढ्यात सलीलरावांचा फोन. सलीलराव माझे जावई, आणि या यादीतले माझे जोडीदारही. म्हणाले, बाबा, एका दिवसात इतक्यांदा उलटवलंत तर तुमच्यावरच बंदी येईल, मी बोलतो त्याच्याशी. आणि काय लिहिलं चर्चापानावर! "आपला हेतू चांगलाच असणार हे मी गृहीत धरतो. तरी सोबतचे संदर्भ एकवार पाहावेत, ही विनंती." संध्याकाळपर्यंत निनावी गप्प. मोरोक्को जागेवर.

मी लिहिलं असतं तर शिवी गेली असती. जातेच.

दुकानात चिरगाँवच्या बारातीतला अ‍ॅम्प्लिफायर आला. कुणीतरी आनंदानं बंदूक झाडली, छर्रे डब्याच्या आरपार. नवरीच्या मामाच्या मांडीतही गेलेत म्हणे. डीजेवाला गुड्डू सांगताना हसत होता. त्याच्या कानाखाली दिली एक. मग छर्रे चिमट्यानं काढले.


९ फेब्रुवारी

रविवार. दुकान बंद. यादीच्या तीन ओळी तपासून संपवल्या.

बायको, शशी, विचारते, झाशीत बसून त्या युरोपातल्या गाण्यांचं तुम्हाला काय पडलंय. तिला काय सांगू! दहावीनंतर शाळा सुटली. अ‍ॅम्प्लिफायर उघडून उघडून शिकलो. इंग्रजी शॉर्टवेव्ह रेडिओला कान लावून शिकलो, शेजारी डिक्शनरी घेऊन. त्या खरखरीतून ही गाणी यायची. कुठला देश, कुठली भाषा, कागदावर टिपून ठेवायचो. आज मराठी ज्ञानकोशात या विषयावर एक धड यादी असेल तर ती माझी आहे. मोबदला शून्य. करतो कारण चुकीचं लिहिलेलं मला बघवत नाही.

तिघं आहोत. मी. सांगलीच्या चारुताताई — भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, कधी भेट नाही. आणि सलीलराव. चार वर्षं त्यांच्याशी फक्त चर्चापानावर बोलत होतो. नागपूरचे हे ठाऊक होतं. मग एकदा त्यांनी इथून जवळच्या समथरच्या किल्ल्याचा फोटो चढवला आणि खाली लिहिलं, सध्या झाशीत नोकरीला आहे. सरकारी कंपनीत इंजिनियर, टाउनशिपमध्ये क्वार्टर, लग्न व्हायचंय! महिन्याभरात मी स्थळ घेऊन गेलो.

शशी तेव्हा म्हणाली होती, नागपूरला कुणाकडून तरी चौकशी करू. मी म्हटलं, कसली चौकशी? चार वर्षं या माणसाला लोकांनी वाटेल ते बोललेलं मी वाचलंय. एकदा तोल गेलेला नाही. एक वाक्य संदर्भाशिवाय नाही. बापानं मुलीसाठी इतकं कुठं तपासलेलं असतं?

दीड वर्ष होत आलं लग्नाला.


१६ फेब्रुवारी

दोघं जेवायला आली. श्रेयाचं मनगट बांधलेलं. सलीलराव म्हणाले, स्कूटी घसरली टाउनशिपच्या गेटपाशी. ती मान डोलावत होती. बासुंदी घेतली नाही तिनं, लहानपणी पातेलं चाटायची.

जेवणानंतर आम्ही दोघं यादीत. सर्बिया आणि माँटेनेग्रो — २००६ साली गाणं पाठवलं नाही पण मतं दिली. म्हणजे सहभाग धरायचा का? मी म्हटलं, नाही. त्यांनी एकदा "पण" म्हटलं, मग लगेच "बरोबर, बाबा."

दोघं गेल्यावर शशी मोरीशी भांडी घेऊन बसली आणि पाठमोरीच म्हणाली, तो मारतो तिला.

मी विचारलं, श्रेया म्हणाली असं? नाही म्हणाली. तू पाहिलंस? नाही. मग कशावरून? म्हणे, मला दिसतं.

मी चिडलो. म्हटलं, "संदर्भ काय, शशी? माणसावर असं लिहिताना संदर्भ लागतो."

म्हणाली, लिहीत नाहीये, बोलतेय. पातेलं जोरात आपटलं. मी पुढं ऐकलं नाही.


२३ फेब्रुवारी

लग्नसराई, रविवारीही दुकान उघडं. लक्ष्मी गेटच्या तोंडाशी दोन डीजेच्या गाड्या समोरासमोर. कुणी मागं हटेना. आधी आवाज वाढवला दोघांनी, मग गाड्यांतले लोखंडी जॅक काढले. एकाचं डोकं माझ्या दुकानासमोर फुटलं. अठरा इंची स्पीकरच्या कागदी पडद्यावर रक्त, आणि स्पीकर चालूच — प्रत्येक ठोक्याला थेंब उडत होते. मेन स्विच मी ओढला. तेव्हा त्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच भांडण लावलं.

शर्ट भिजत घातलाय. डाग जायचा नाही.


१ मार्च

यादी "निवडक यादी"साठी ठेवली! तिघांच्या नावानं. आता पंधरा दिवस कुणीही दोष काढावा, नाही निघाला तर पानावर तारा. मराठी कोशात अशा याद्या हाताच्या बोटांवर.

ठेवायच्या आधी एकच खटका उडाला. जर्मनीच्या सहभागाचा आकडा. १९९६ साली जर्मनीनं गाणं पाठवलं होतं, पण आधीच्या ध्वनिफितीच्या फेरीत ते गळालं. मंचावर कुणी उभं राहिलंच नाही. सलीलरावांनी ते वर्ष धरलं होतं. मी उलटवलं. कारणाच्या जागी लिहिलं — "हे चौथीतल्या मुलालाही कळेल." जरा जास्त झालं. पण त्यांनी काय उत्तर द्यावं! "श्री. लघाटे यांचे म्हणणे मान्य. चूक दाखवल्याबद्दल आभारी आहे."

चारुताताईंनी खाली लिहिलं, असे संपादक मिळायला भाग्य लागतं.

लागतंच.


९ मार्च

सावकाश लिहितो. सगळं लिहायचंय.

सलील कामासाठी भोपाळला. श्रेया एकटीच दुकानात आली, कितीतरी दिवसांनी. लहानपणी याच स्टुलावर बसायची. डाव्या चॅनलला घुमतंय का उजव्या, हे मीटर लावायच्या आधी सांगायची. मी नेहमी म्हणायचो, हिचे कान माझ्यापेक्षा चांगले.

एक हेडफोन दुरुस्त करून ठेवला होता. म्हटलं, घाल, सांग बघू. उजव्या बाजूला टोन दिला. बोट वर केलं. डाव्या बाजूला दिला. बसून राहिली.

"बाबा, चालू केलंत का?"

मी आवाज वाढवला. वाढवत नेला. नॉब अर्ध्याच्या पुढे गेला तेव्हा तिनं बोट वर केलं.

मला वाटलं, डाव्या बाजूची तार सुटली. आम्ही अशा वेळी एकच करतो — बाजू बदलायची. हेडफोन उलटा घालायला सांगितला. दोष हेडफोनमध्ये असेल तर आता उजव्या कानाला ऐकू येणार नाही.

उजव्या कानाला आलं. डाव्यालाच नाही.

मी परत बदलला. परत तेच. ती माझ्या हातांकडे बघत होती. तिला ही तपासणी माहीत आहे, मीच शिकवलीय. हेडफोन काढून तिनं काउंटरवर ठेवला. मी शटर अर्धं ओढलं.

मग सांगितलं तिनं. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून. मनगट पिरगळलं होतं, स्कूटी जागची हललेली नव्हती. केस धरून भिंतीवर. पोटावर. कानावर उघड्या हातानं, कारण तिथं वळ उठत नाही. ओरडत नाही म्हणाली तो. आवाज चढवत नाही कधी. मारून झाल्यावर हात धुतो आणि कामाला बसतो.

मी विचारलं, कशावरून? बाप मी, आणि मला हेच सुचलं विचारायला. कशावरून.

म्हणाली, "तुम्ही तिकडं त्याचं काही उलटवलंत, की घरी माझ्यावर निघतं."

मी म्हटलं, हा कान कधीचा?

तर म्हणाली, "जर्मनीचा."


१० मार्च

मेडिकल कॉलेजात डॉक्टरांना दाखवलं. पडदा फाटलाय, आतून पू आहे. फाटलेलं भरेल कदाचित. ऐकू पहिल्यासारखं येईल असं नाही सांगता येत, म्हणाल्या. आणि हा पहिला मार नाही. कागदावर तसं लिहून दिलं.

शशी शेजारी बसून होती. एकदाही म्हणाली नाही की मी सांगितलं होतं.

श्रेया आता परत जाणार नाही. सलील उद्या येतोय.


१३ मार्च

दोन दिवस वही हातात नव्हती. कोतवालीत होतो. आज जामीन मिळाला. बाहेर होळीची लाकडं रचतायत.

लिहितो, जसं झालं तसं.

११ तारखेला दुपारी टाउनशिपला गेलो. शशीला सांगितलं, माल आणायला जातो. स्पीकरच्या स्टँडचा पाईप बरोबर घेतला, आतला, बारीक असतो तो. लपवला नव्हता. हातात होता.

दार त्यानंच उघडलं. "या, बाबा." पाईप त्यानं पाहिला, तरी चहा विचारला. खोली झाडलेली, पुस्तकं रांगेत. टेबलावर लॅपटॉप, त्यावर आमची यादी. मी विचारलं, श्रेयाच्या कानाचं काय?

त्यानं खुर्ची पुढं केली. म्हणाला, "बाबा, कानावर फक्त एकदाच झालं. त्याचा मला खेद आहे. बाकी आपण दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात, ही विनंती."

ही विनंती!

पहिला फटका लॅपटॉपवर. दुसरा त्याच्या उजव्या कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज आला, बेकेलाइट तडकतं तसा कोरडा. तेव्हा तो ओरडला. चार वर्षांत आणि दीड वर्षात त्याचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला, आणि मला — खोटं का लिहू — बरं वाटलं. तो टेबलाखाली शिरायला बघत होता. पाय धरून ओढला. खांद्यावर मारलं. हात तोंडापुढं धरले होते, त्या बोटांवर मारलं. बोटं मोडली. तो "बाबा, बाबा" करत होता. माझी मुलगीही म्हणत असेल त्याला काहीतरी. कुठं थांबला तो?

किती फटके ते सांगता येत नाही. मी सगळं मोजतो. हे मोजलं नाही.

शेजारचा सिंग धावत आला, त्यानं मागून कवळ घातली. "लघाटे जी, मर जाएगा!" मग पाईप खाली पडला. फरशीवर घरंगळत पलंगाखाली गेला. पोलिसांनी नंतर तिथूनच काढला.

कोपर, दोन बोटं, खांद्याचं हाड. जिवाला धोका नाही.

मी आत असताना श्रेयानं आईबरोबर जाऊन तक्रार दिली. डॉक्टरांचा कागद जोडला. तिथं बसून सगळं पुन्हा सांगितलं तिनं, अनोळखी लोकांसमोर. दोन तक्रारी आहेत आता. तिची त्याच्यावर, त्याची माझ्यावर.

मला पश्चात्ताप नाही.


१५ मार्च

यादीतली सलीलची संपादनं उलटवायला बसलो. एकेक. मोरोक्कोचा संदर्भ त्याचा — काढला. युगोस्लाव्हिया १९६१ पासून, ती ओळ त्यानं लावलेली — काढली. मोनॅको, लक्झेंबर्ग, सगळे तक्ते, सगळे दुवे. त्याचा हात लागलेलं काही ठेवायचं नाही. घरात त्याचा फोटो फाडावा तसं.

संध्याकाळपर्यंत यादीची चाळण. देश आहेत तर वर्षं नाहीत, वर्षं आहेत तर देश नाहीत. मग कोशाची देखरेख करणाऱ्या प्रचालकानं माझ्यावर बंदी घातली. कारण — "नासधूस." पंधरा वर्षांत माझ्या नावापुढं हा शब्द पहिल्यांदा.

कीबोर्ड गुडघ्यावर मोडला.


१८ मार्च

चारुताताईंचा फोन. आवाज पहिल्यांदाच ऐकला. खर्जातला, शाळेत पोरं टरकत असतील. विचारलं त्यांनी, लघाटे, काय झालंय? पानावर भलतंच दिसतंय.

सांगितलं. सगळं. पाईपसकट.

म्हणाल्या, मी त्याच्याबद्दल लिहिलं होतं, भाग्य लागतं म्हणून. ते आधी खोडते. मग म्हणाल्या, यादी मी पूर्ववत केली आहे.

मी भडकलो. म्हटलं, त्या माणसाचं लिहिलेलं तुम्ही परत घातलंत?

"त्याचे संदर्भ खरे आहेत, लघाटे. एकेक पडताळला मी. माणूस तसा निघाला म्हणून मोरोक्को खोटा होत नाही. काय करायचं आपण याचं?"

मी फोन आपटला. त्यांचं वाक्य काही जात नाही. संपादनावर बोला, संपादकावर नको — हा कोशाचा नियम मीच लोकांना शिकवायचो. त्याची संपादनं पाहून मी मुलगी दिली. आता त्याला पाहून संपादनं उलटवली. दोन्ही वेळा मीच.

तारा मिळणार नाही. नासधूस झालेलं पान, प्रस्ताव बाद.


२२ मार्च

कानाखाली दिली होती त्या गुड्डू डीजेवाल्याला बोलावून स्टुलावर बसवलं, हेडफोन घातला, दोन्ही कानांना टोन दिला. त्याला वाटलं मी खुळावलो. "चाचा, हमें क्या हुआ है?"

दोन्ही कान ठीक.


३० मार्च

पाडवा. गुढी शशीनं उभारली. मी खाली उतरलोच नाही.

दुपारी सुभाषचंद्रजी आले. मराठी मंडळाचे अध्यक्ष, रेल्वेतून निवृत्त, सगळ्यांच्या घरची लग्नं त्यांनीच जमवलेली. बरोबर सलीलचा काका, नागपूरहून, आणि माझा वकील. माझाच वकील त्यांच्या गाडीतून आला!

सुभाषचंद्रजी म्हणाले, झाशीत आपली घरं ती किती, त्यात ही शोभा. तोडगा असा. श्रेयानं तक्रार मागं घ्यायची, नंतर शांतपणे वेगळं व्हायचं. सलील माझ्यावरची मागं घेईल. काका म्हणाला, पोराचा हात एकदाच उठला हो कानावर, तोही कामाच्या ताणात. आणि तुमच्याकडूनही रागाच्या भरात एकदाच घडलं. दोन्ही मिटवू.

वकिलानं मला बाजूला घेऊन सांगितलं, पाईप आहे, मोडलेली हाडं आहेत, शेजारी साक्षीदार आहे. तुम्ही आत जाणार, लघाटे जी, आणि काही वर्षांसाठी. समझौता झाला तर आज घरी झोपाल, उद्याही.

श्रेया दारात उभी होती. उजवा कान आमच्याकडे करून. सगळं ऐकलं आणि आत गेली.

सगळे माझ्याकडे बघत होते. नाही म्हणायला हवं होतं मी. एक शब्द. नाही म्हटलं.

म्हणजे — "नाही" हा शब्द नाही उच्चारला.


४ एप्रिल

कोतवालीच्या त्या दोन रात्री. लिहिलं नव्हतं. कोपऱ्यात एका पोराला पट्ट्यानं मारत होते, मोबाईल चोरला म्हणून. मी भिंतीकडं तोंड करून पडलो. माझ्या अंगावर बोट ठेवलं नाही कुणी, वयाकडं बघून. आत वयाकडं कोण बघेल?

मला सुटायचंय. लिहून टाकलं.

शशीला दिसलं ते. तिला दिसतं. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तेव्हा विचारलं होतंत, संदर्भ काय. आता तिच्याकडे डॉक्टरांचा कागद आहे. तर तोच तुमच्यासाठी फाडायला हवा?"

मी ताट सरकवलं. ते खाली पडलं. आमटी भिंतीवर. तिनं पोळी उलटली, शेकली, दुसरी लाटायला घेतली. माझ्याकडे बघितलं नाही.

भिंत मीच पुसली.


५ एप्रिल

श्रेया विचारायला आली, बाबा, मी सही करू का. तुम्ही म्हणाल तसं.

मी म्हटलं, तुझं तू बघ.

भ्याड उत्तर. पाईप उचलायला लागतं ते बळ इथं कुठं गेलं?

वकिलानं कागद पाठवलेत. त्यात लिहिलंय — "दोन्ही पक्षांकडून क्षणिक आवेगात, केवळ एक वेळ." सुंदर टाईप केलंय. एक चूक नाही.


७ एप्रिल

कोर्टाच्या आवारातली समझौत्याची खोली. तो समोर, हात गळ्यात बांधलेला, मला नमस्कार केला. श्रेयानं कागद वाचला, बंद केला आणि माझ्याकडे सरकवला. सही नाही.

"एकदा आला म्हणजे आला, बाबा. त्याचा हातही. तुमचाही."

सुभाषचंद्रजी उठून काहीतरी समजावू लागले. वकील माझी बाही ओढत होता. मी त्याच्याच खिशातलं पेन काढलं आणि कागदाच्या मागं लिहिलं — सलीलनं माझ्याबद्दल सांगितलं ते सगळं खरं आहे, मारताना मी शुद्धीत होतो, मला समझौता नको. खाली पूर्ण नाव, तारीख.

वही शशीकडे देतोय. संदर्भाला लागेल.